तुझ्या त्रेसष्ट आठवणी आणि माझी हार्ड डिस्क

मंगळवार, ४ मार्च
सकाळी सव्वासात

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही दोघेही ठणठणीत आहोत. हिचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना कुरकुरत नाही. कारणाचा शोध चालू आहे. तुझा खोकला एव्हाना थांबला असेल आणि भाऊजींनी मागच्या अंगणातल्या नळाचे काम एकदाचे हातावेगळे केले असेल, असे धरून चालतो.

मी हाताने पत्र लिहितो आहे, याचे तुला नवल वाटेल. घरातला संगणक आजारी आहे.

आजार मागच्या बुधवारी सुरू झाला. एरवी दोन मिनिटांत जागा होणाऱ्या यंत्राने त्या दिवशी अकरा मिनिटे घेतली. गुरुवारी मी एक साधे पत्र टाइप करत असताना पडदा जागच्या जागी गोठला आणि माउसचा बाण छताकडे बोट दाखवावे तसा उभा राहिला. शुक्रवारपासून डब्याच्या पोटातून आवाज येऊ लागला: टक्, टक्, टक्, मग शांतता, मग पुन्हा टक्, टक्, टक्. मधली शांतता मी घड्याळ लावून मोजली. ती बरोबर चार सेकंदांची आहे.

ही स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "डिस्क गेली."

"कशावरून?"

"आवाजावरून. आपला मिक्सर जायच्या आधी असाच बोलत होता."

अंदाज आणि निदान या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "बरं, मग करा निदान," आणि वर्तमानपत्र उघडून बसली.

ते मी पद्धतशीर केले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, यंत्राच्या पोटात डोकावण्याचा मला परवाना नाही, हे मान्य. पण एकेक शक्यता खोडत जाणे ही काही कोणत्या एका शाखेची मक्तेदारी नव्हे. प्रथम वीजपुरवठ्याची तार बदलली. मग मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे पितळी दात खोडरबराने घासले. मग आतला रुपयाएवढा सेल बदलला. मग पंखा ब्रशने साफ केला. त्यातून निघालेल्या धुळीत एक मुंगी मृतावस्थेत आढळली, परंतु तिचा प्रस्तुत बिघाडाशी संबंध दिसून आला नाही. प्रत्येक चाचणीनंतर यंत्र पुन्हा चालू करून पाहिले आणि निष्कर्ष वहीत नोंदवला. आजपर्यंत एकवीस वेळा चालू केले. टक्टक् कायम आहे. ही रोज संध्याकाळी विचारते, "झालं का निदान?"

आज यंत्र दुरुस्तीला नेतो आहे. काळजी करण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट मात्र सहज विचारून ठेवतो. इस्पितळातल्या चौतीस वर्षांच्या ज्या आठवणी तू लिहून टपालाने पाठवत गेलीस आणि मी टाइप करत गेलो, त्या त्रेसष्टही याच यंत्रात आहेत. तू मूळ कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या होत्यास का? अगदी निवांत बघ. घाई नाही. पण बघ.

दोन वर्षांपूर्वी तुम्हा सिस्टर मंडळींच्या संमेलनात जे झाले, तो विषय मी या पत्रात काढणार नाही.

तुझा भाऊ

ता. क. उत्तर टपालानेच पाठव. फोनवर तू "बरं" म्हणतेस, आणि त्या "बरं"च्या पुढे कसे जायचे ते मला कळत नाही.


गुरुवार, १३ मार्च
सकाळी सात वाजून पाच मिनिटे

प्रिय ताई,

तुझे कार्ड काल दुपारी मिळाले. मजकूर एवढाच आहे: "फुटपट्टी, झेरॉक्स कशाला काढीन? माझे कागद तुझ्याकडेच आहेत ना. कपाटात बघ. तुझ्या घरात टाचणीसुद्धा हरवत नाही, असं तूच सांगत फिरतोस. – ताई." मी तो सात वेळा वाचला. लहानपणी तू ठेवलेले नाव दोन वर्षांनी तुझ्या अक्षरात पाहून फार बरे वाटले. उरलेल्या मजकुराविषयी पत्राच्या शेवटी लिहितो.

आधी रुग्णाची प्रकृती. यंत्र दुरुस्त करणाऱ्या बाईंचे दुकान किल्ल्या करून देणाऱ्याच्या शेजारी आहे. आत दोन माणसे उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरून बोलायचे, एवढी जागा. चहूकडे उघडे पडलेले डबे, तारांची भेंडोळी आणि मध्ये डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बाई. वय आमच्या हिच्याएवढे असावे. मी माझी चार पानी नोंद त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वरवर चाळून बाजूला सारली आणि सरळ डब्याला कान लावला.

"साहेब, हे असं वाजायला लागल्यावर किती वेळा चालू केलंत?"

"एकवीस."

"आणि मोजलंत पण?" त्यांनी भिंग काढले. "अहो, आत एक चकती फिरते. तिच्यावर केसभर अंतर सोडून एक सुई फिरते. ती सुई आता चकतीला घासतेय. पाय मोडलेल्या माणसाला तुम्ही म्हणालात, चालून दाखव बघू, कुठं दुखतंय ते कळेल. एकवीस वेळा!"

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डिस्क गेली म्हणून," माझ्याबरोबर आलेली ही दारातून म्हणाली.

"आवाजावरून ना?"

"आवाजावरूनच!"

ताई, त्या दोघींची मैत्री जमायला याहून अधिक काही लागले नाही. मी आपला उभा.

मग बाईंनी विचारले, आत महत्त्वाचे काय आहे? मी म्हणालो, बहिणीचे लेखन. दुसरी कॉपी? नाही. पेन ड्राइव्हवर? नाही. कागदावर तरी असेल? यावर मी किल्लीवाल्याच्या यंत्राकडे बघत राहिलो.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "मुंगीसुद्धा लिहून ठेवणारा माणूस, आणि कॉपी एकच?"

"मी नीटनेटका आहे, म्हणूनच एक आहे," मी म्हणालो. हे वाक्य तोंडून निघाले तेव्हा मला ते बिनतोड वाटले होते. दुकानाच्या तीन पायऱ्या उतरेपर्यंत तसे वाटेनासे झाले.

ते तुला उलगडून सांगायला हवे. आमच्या पंपांच्या कारखान्यात माझ्याकडे दस्तऐवज विभाग आहे, हे तुला ठाऊक आहे. मी रुजू झालो त्या वर्षी एका कारागिराच्या खणात जुना नकाशा राहून गेला आणि त्याने त्याबरहुकूम चाळीस झाकणे कापली. एकही बसले नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: नवा नकाशा निघाला की जुन्याची प्रत्येक प्रत गोळा करायची आणि नष्ट करायची. एका वस्तूचा एकच कागद. दोन कागद असले की आज ना उद्या ते एकमेकांशी भांडणार. हा नियम मी अठ्ठावीस वर्षे पाळला, आणि कारखान्यात तो योग्यच आहे.

तो मी घरी आणला. तुझी पाने आली की मी ती टाइप करत असे, ताडून पाहत असे आणि मूळ पाने फाडत असे. उभी चार वेळा, आडवी चार वेळा.

ती कपाटात नाहीत, ताई. संमेलनानंतर तू ती तीनदा मागितलीस. तिन्ही वेळा मी "शोधतो" म्हणालो. शोधण्यासारखे काही उरलेले नाही, हे मला तिन्ही वेळा माहीत होते.

बाई म्हणतात, डिस्कवरचे जेवढे उचलता येईल तेवढे त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतील. थोडे वाचायचे, यंत्राला विश्रांती द्यायची, पुन्हा थोडे वाचायचे. हमी नाही. तुझ्या त्रेसष्टही आठवणी या घटकेला त्यांच्या टेबलावर एका छोट्या पंख्याच्या वाऱ्यात पडून आहेत. मी रोज कारखान्यातून येताना एकदा बघून येतो. बाई म्हणतात, भेटीची वेळ पाच ते सहा.

तुझा, फाडणारा, भाऊ


शनिवार, २२ मार्च
सकाळी साडेनऊ

प्रिय ताई,

मागच्या पत्राला तुझे उत्तर नाही. ते अपेक्षितच होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे पत्र पूर्ण वाच. सोबतचे जाड पाकीट पत्र संपल्यावर उघड.

डिस्क वाचली नाही, आतले वाचले. उतरवून घ्यायला तुकड्यातुकड्याने एकतीस तास लागले. बाई मला कारखान्यात फोन करून सांगत: "पेशंटनं आज थोडं खाल्लं." दुसऱ्या दिवशी: "आज काही घेत नाही, उद्या बघू." मागच्या शनिवारी, म्हणजे पंधरा तारखेला, म्हणाल्या, "या. बरंच आलंय. पण फायलींची नावं गेलीत. आणि तुम्ही पुसलेलं होतं, तेसुद्धा आलंय."

"पुसलेले कसे येईल?"

"तुम्ही पुसता म्हणजे काय करता साहेब, दारावरची पाटी काढता. आतला माणूस तिथंच बसलेला असतो. त्या खोलीत दुसरं कोणी राहायला आलं, तरच तो जातो. तुमच्या डिस्कवर खोल्या रिकाम्या पुष्कळ होत्या."

वाचता येते की नाही हे बघायला त्यांनी एक फाइल उघडली आणि मोठ्याने वाचू लागल्या. मजकूर असा होता:

"सतरा नंबरचे आजोबा इंजेक्शनला घाबरायचे नाहीत, मला घाबरायचे. म्हणायचे, पोरी, सुई टोचायच्या आधी जरा हस की, तुझं तोंड बघूनच माझा ताप चढतो. मग मी हसले. ताप मोजला तर खरंच अर्ध्या डिग्रीनं उतरलेला! डॉक्टरांना सांगितलं, तर ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, मग दिवसातून तीनदा हसा, जेवणानंतर."

बाई इतक्या हसल्या की किल्लीवाला यंत्र बंद करून आला. त्याला पुन्हा वाचून दाखवले. मग बाईंनी शेजारची फाइल उघडली:

"खाट क्रमांक सतरावरील वयोवृद्ध रुग्णाने, इंजेक्शन देण्यापूर्वी परिचारिकेने स्मितहास्य करावे, अशी इच्छा व्यक्त केली. तदनुसार करण्यात आले. तापमानात किंचित घट आढळून आली."

कोणी हसले नाही. किल्लीवाला म्हणाला, "पंचनामा आहे का? आजोबा गेले काय?"

"नाही," मी म्हणालो. "ती माझी सुधारणा आहे."

हे मी त्या दुकानात, दोन परक्या माणसांसमोर, सहज बोलून गेलो. तुझ्यासमोर मात्र दोन वर्षांत बोललो नाही.

नवी डिस्क मी घरी स्वतः बसवली. बाईंनी परवानगी दिली, बहुधा शिक्षा म्हणून. नव्या डिस्कमध्ये फिरणारी चकती नाही, सुई नाही, आवाज नाही, वजन बिस्किटाएवढे. मी स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये जागेनुसार मांडले, प्रत्येक खान्यावर चिठ्ठी लावली. हिने टॉर्च धरला. सर्व जोडून बटण दाबले. काहीही झाले नाही. मी वहीत "चाचणी क्रमांक एक" असे लिहायला घेतले, तेवढ्यात ही म्हणाली, "ही तार कुणाची लोंबतेय?" ती डिस्कला वीज देणारी तार होती. ती जोडल्यावर यंत्र अठरा सेकंदांत उभे राहिले. "लिहा," ही म्हणाली, "मुंगी निर्दोष."

त्यानंतर सात दिवस मी रोज सकाळी त्या नाव नसलेल्या फायली एकेक करून उघडल्या. चार हजारांवर होत्या. माझी पद्धत अशी होती की, तुझी पाने आधी शब्दशः, स्वल्पविरामासकट टाइप करायची. मग त्यावरून "शुद्ध प्रत" तयार करायची. मग पहिली पुसायची. म्हणजे तुझा एकेक मूळ शब्द एकदा तरी माझ्या बोटांखालून गेलेला होता. त्या पहिल्या प्रतींपैकी त्रेपन्न पूर्ण मिळाल्या, चार अर्ध्या मिळाल्या, सहा गेल्या.

सत्तावन्नही मी माझ्या प्रतींशेजारी ठेवून वाचल्या. ही चहा घेऊन यायची आणि मी हसतोय असे बघून परत जायची. बाविसाव्या आठवणीत ती बाळंतीण डॉक्टरांनाच धीर देते, तिथे मला चहाचा ठसका लागला. त्याच प्रसंगाचे मी काय केले होते, ते इथे लिहीत नाही; तेवढी दया मला दाखव. मला वाटत असे, छापायच्या मजकुराला इस्त्री हवी. तू कधी मागितली नव्हतीस. मी इस्त्री करत गेलो आणि कापड जळत गेले, आणि मला वास आला नाही.

आता तो विषय.

संमेलनात चाळीसेक सिस्टरांसमोर तू माझ्या हातचे छापील कागद घेऊन उभी राहिलीस. तिसऱ्या ओळीला थांबलीस. माइकमधून म्हणालीस, "हे मी असं लिहिलेलं नाही." मी पहिल्या रांगेत होतो. तेव्हा मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ चालले असते. मी उभा राहिलो आणि हसत हसत म्हणालो, "एक शब्दही बदललेला नाही. ताईचं आता वय झालं, विसरायला होतं तिला."

सगळ्या हसल्या. तूही हसलीस, आणि कागद घडी करून खाली बसलीस.

त्या दिवसानंतर तू एक ओळ लिहिली नाहीस. पाच महिन्यांपूर्वी भाऊजींनी हिला फोनवर सांगितले की, तू स्मरणशक्तीची तपासणी करून आलीस. तिच्यात काही निघाले नाही, तरी दूध उतू गेले की "बघा, विसरले" म्हणतेस आणि स्वतःच्या औषधाची वेळसुद्धा वहीत लिहून ठेवतेस. बत्तीस खाटांच्या औषधांच्या वेळा चौतीस वर्षे तोंडपाठ ठेवणारी तू. ताई, हे कळल्यावरही मी पाच महिने गप्प होतो. पुरावा फाडलेला होता, पुसलेला होता. मी खोटा आहे हे मला सोडून कोणालाच सिद्ध करता आले नसते, तुलासुद्धा. म्हणून मी सुरक्षित होतो. असा हिशेब माणूस आपल्या बहिणीबाबत करू शकतो, हे लिहिताना मला माझ्याच अक्षराची लाज वाटते आहे.

जाड पाकिटात दोन गठ्ठे आहेत. वरचा तुझा, खालचा माझा. पहिली पाच पाने शेजारी शेजारी ठेवून वाच, पुरे होतील. आणि भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव, तुझा गठ्ठा.

पुढच्या महिन्यात पुन्हा संमेलन आहे. मी तुमच्या मोठ्या सिस्टरांना फोन करून दोन मिनिटे मागितली. त्या म्हणाल्या, "कशाला?" मी म्हणालो, "एक दुरुस्ती करायची आहे."

"माइकची? माणूस सांगितलाय आम्ही."

"नाही. मागे तिथे मी एक वाक्य बोललो होतो, त्याची."

त्यांनी वही उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "दोन कशाला, पाच घ्या." तू त्या दिवशी वाचायला उभी राहिलीस तर फार आनंद होईल. नाही राहिलीस तरी माझी पाच मिनिटे ठरलेली आहेत.

राहिल्या त्या सहा. त्यांची यादी पाकिटावर लिहिली आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि तू आतल्या आत पट्टी बदललीस, ती त्यांतच आहे. मला ती बऱ्यापैकी आठवते. हिने सुचवले की मी ती लिहून काढावी. मी नाही म्हणालो. मला आठवते तशी लिहिली तर ती माझी होईल, आणि माझ्या पुष्कळ झाल्या. ती तुलाच सांगायची आहे. तुझ्या डोक्यात ती पट्टीच्या रंगासकट असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

उद्या सकाळी दहाच्या बसने आम्ही दोघे येतो आहोत. हे पाकीट मात्र मी आजच माणसाकरवी पाठवतो आहे, म्हणजे मी दारात उभा राहण्याआधी तुझे वाचून झालेले असेल आणि दार उघडायचे की नाही, हे तुला ठरवता येईल. उघडलेस तर तू सांग, मी लिहीन. मध्ये तोंड घालणार नाही. फार तर "मग?" एवढेच विचारीन.

तुला काहीही विसर पडला नव्हता, आणि हे तेव्हाही पक्के ठाऊक असलेला,

तुझा धाकटा